दंतवैद्याची मान आणि खुर्चीचा इतिहास

दाताच्या दवाखान्यातली खुर्ची आपल्याला माहीत असते ती तिच्यात आडवे पडून. डोळ्यांवर दिवा येतो, गालात नळी अडकवलेली असते, यंत्राची शीळ डोक्यात घुमते आणि आपण खुर्चीचे हात घट्ट धरून सुटकेची वाट पाहत असतो. अशा वेळी पलीकडे कोण आहे, तो कसा बसला आहे, त्याची मान कशी आहे, याकडे लक्ष जाण्याचे कारण नसते. माझेही कधी गेले नव्हते.

काही वर्षांपूर्वी नांदेडला एका दाढेच्या रूट कॅनालसाठी मला चार खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला मी जरा लवकर पोहोचलो. आधीचा रुग्ण नुकताच गेला होता आणि डॉक्टर भिंतीला पाठ लावून, मानेला पट्टा बांधून, डोळे मिटून उभे होते. वय पन्नाशीच्या आतले. मला पाहताच त्यांनी पट्टा सोडला आणि खणात टाकला. डॉक्टरच पट्टा लावून बसलेला दिसला तर रुग्ण काय म्हणेल, असे त्यांना वाटे. पुढे ओळख वाढल्यावर कळले की उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या येतात म्हणून त्यांनी अवघड अक्कलदाढा काढणे थांबवले होते. असे रुग्ण ते दुसऱ्यांकडे पाठवत. घरात पत्नीखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हते.

मी वैद्यकातला माणूस नाही. जुने कागद, जुनी हत्यारे आणि जुने कायदे यांचा नाद असलेला एक वाचक आहे. तरी तो पट्टा डोक्यातून जाईना. या माणसाला ओझे उचलायचे नसते. त्याच्या हातातले हत्यार काही तोळ्यांचे. सावलीत, पंख्याखाली, बसून काम. मग मान जाते कशाने?

आपल्या भागात हा प्रश्न विचारायला थोडा संकोचही वाटतो. लातूरच्या आडत बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल, मराठवाड्यातून दरसाल कारखान्यांवर जाणारी आणि कमरेत वाकून मोळ्या बांधणारी ऊसतोड जोडपी, यांच्या पाठीपुढे दंतवैद्याच्या मानेचे काय कौतुक? हा आक्षेप रास्त आहे. पण हमालाची पाठ झिजते हे निदान मान्य झालेले आहे. त्यासाठी चळवळी झाल्या, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. ओझ्याने शरीर मोडते हे डोळ्यांना दिसते. ओझे नसतानाही ते मोडते, ही गोष्ट समजायला फार काळ लागला. दंतवैद्याची खुर्ची हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

जमिनीवरून खुर्चीवर

आपल्याकडच्या शल्यशास्त्राच्या परंपरेत दातांना जागा आहे. सुश्रुतसंहितेत वीस शस्त्रे सांगितली आहेत, त्यांत दंतशंकु आहे. शस्त्रकर्माच्या वेळी आतुराला पूर्वेकडे तोंड करून बसवावे आणि वैद्याने पश्चिमेकडे तोंड करून असावे, असाही संकेत तिथे आहे. म्हणजे रुग्ण कसा बसवावा याचा विचार फार जुना आहे. दोघे समोरासमोर, एकाच पातळीवर. काम थोडा वेळाचे असे आणि रोजचे नसे.

युरोपातही दात काढणारा बराच काळ रुग्णाला जमिनीवर बसवी आणि त्याचे डोके स्वतःच्या गुडघ्यांत धरी. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. जमिनीवर बसवण्याची ही रीत गैरसोयीची आणि अशोभनीय आहे, रुग्णाला हातांच्या भक्कम खुर्चीत बसवावे, असे त्याने आग्रहाने मांडले. आजच्या दंतवैद्यकाचा उगम अनेक अभ्यासक या ग्रंथात पाहतात. रुग्ण जमिनीवरून खुर्चीवर आला आणि दंतवैद्य उभा राहिला. पुढची सव्वादोनशे वर्षे तो उभाच होता.

फोशारच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १७०० साली, इटलीतल्या मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिले होते. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतो त्यांत आणखी एकाची भर घालावी, ‘तुझा धंदा कोणता?’ हा त्याचा आग्रह प्रसिद्ध आहे. धंद्यातल्या आजारांची त्याने दोन मुख्य कारणे सांगितली. एक, हाताळाव्या लागणाऱ्या वस्तूंचे विष. दुसरे, शरीराच्या वेड्यावाकड्या हालचाली आणि अस्वाभाविक बैठक. बसून वाकणारे शिंपी, चांभार आणि सतत लिहिणारे कारकून त्याच्या पुस्तकात आहेत. पहिले कारण पुढे कायद्यात शिरले. दुसरे मात्र पुस्तकातच अडकून पडले, ते कसे हे पुढे पाहू.

एकोणिसाव्या शतकात खुर्ची सुधारत गेली. डोके टेकायला आधार आला, पाठ मागे कलू लागली, १८७७ च्या सुमारास द्रवाच्या दाबावर वरखाली होणारी खुर्चीही आली. प्रत्येक सुधारणा रुग्णाच्या सोयीची होती. दंतवैद्यासाठी जे आले ते यंत्र. जेम्स मॉरिसन या अमेरिकी दंतवैद्याने १८७१ साली पायाने चालवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्या शिलाई मशीनसारखेच ते. पायाने फळी हलवायची, चाक फिरायचे आणि दोरीच्या माळेतून ती गती हातातल्या सुईपर्यंत जायची. कीड कोरण्याचा वेग वाढला. पण चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. एका पायावर सगळा भार, दुसरा पाय सतत चालता, कंबर एका बाजूला कललेली, मान खाली आणि हात मात्र केसभरही हलू द्यायचा नाही. शिंपी निदान बसून पाय चालवतो.

उभा दंतवैद्य

भारतात दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते कोलकात्यात. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२० साली त्यांनी तिथे दंत महाविद्यालय काढले. त्याच्या खर्चासाठी त्यांनी सोडा-आइस्क्रीमचे दुकान चालवले, ही हकिकत दंतवैद्यकाच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळतात. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले महाविद्यालय आज नायर रुग्णालय दंत महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. अहमदांच्या पिढीने पाश्चात्य विद्या आणली, तिच्याबरोबर तिथली खुर्चीही आली आणि खुर्चीबरोबर उभे राहण्याची रीतही.

ही रीत शरीराला काय करते याचा पुरावा त्याच सुमारास अमेरिकेत जमू लागला होता. १९४६ सालच्या एका पाहणीत ६५ टक्के दंतवैद्यांनी पाठदुखीची तक्रार केली होती. या विषयावरच्या लेखनात हा आकडा अजून आढळतो.

आता १९४८ सालाकडे येऊ. मराठवाड्याच्या माणसाला हे वर्ष १७ सप्टेंबरसाठी ठाऊक आहे. निजामाची राजवट संपली आणि नांदेड, तेव्हा लातूर ज्यात होते तो उस्मानाबाद, परभणी, बीड, औरंगाबाद हे जिल्हे भारतात आले. त्याच वर्षी दिल्लीत दोन कायदे झाले, जे एकत्र वाचले जात नाहीत. मार्चमध्ये दंतवैद्य अधिनियम झाला आणि सप्टेंबरमध्ये कारखाने अधिनियम.

दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्य कोणाला म्हणावे हे ठरवले. नोंदणीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात मान्य पदवी असलेले. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण नोंदणीच्या तारखेआधी किमान पाच वर्षे हाच मुख्य व्यवसाय केलेले, वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. या कायद्याने रुग्णाला संरक्षण दिले, व्यवसायाला प्रतिष्ठा दिली. दंतवैद्याच्या शरीराविषयी त्यात काही नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नसती.

कारखाने अधिनियमाने मात्र श्रमणाऱ्या शरीराचा विचार केला. त्याचे चौतिसावे कलम जादा ओझ्याबद्दल होते. चव्वेचाळिसावे कलम म्हणत असे की ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते त्यांना बसण्याची सोय करून द्यावी. सतत उभे राहणे अपायकारक आहे, हे १९४८ साली कायद्याला कळले होते. पण दवाखाना हा कारखाना नव्हे आणि दंतवैद्य हा कामगार नव्हे. स्वतःच मालक, स्वतःच कामगार. त्याला बसायला स्टूल कोणी द्यायचे?

या कायद्याला कळवण्यायोग्य व्यावसायिक रोगांची एक अनुसूची जोडलेली होती. शिसे, पारा, फॉस्फरसची विषबाधा, सिलिकोसिस, पुढे आलेले आवाजाने येणारे बहिरेपण असे एकोणतीस रोग तिच्यात होते. मान नव्हती, पाठ नव्हती, खांदा नव्हता. रामाझ्झिनीने सांगितलेल्या दोन कारणांपैकी पहिले या यादीत आले आणि दुसरे बाहेर राहिले. हमालाची, विणकराची, बीडी वळणाऱ्या बाईची आणि दंतवैद्याची पाठ या एका बाबतीत सारखी आहे.

दंतवैद्य बसला, दुखणे वर सरकले

१९५० च्या दशकाच्या अखेरीस दोन गोष्टी जवळजवळ एकदम आल्या. १९५७ साली जॉन बोर्डन यांचे हवेच्या दाबावर फिरणारे यंत्र बाजारात आले. आपण दवाखान्यात ज्याची शीळ ऐकतो त्या एअरोटरचा हा पूर्वज. मिनिटाला तीन लाखांच्या घरात फेरे. इतक्या वेगाने दात तापतो, म्हणून पाण्याचा फवारा आला. तोंडात पाणी साचू लागले, म्हणून ते ओढून घेणारी नळी आली. १९५८ साली जॉन नॉटन यांची मागे पूर्ण कलणारी खुर्ची आली. रुग्ण आडवा झाला आणि दंतवैद्याला बसता आले.

सव्वादोनशे वर्षांचे उभे राहणे संपले. पाय सुटले, फुगलेल्या शिरांचा त्रास कमी झाला. पाठ आणि मान मात्र सुटली नाही. तिचे कारण स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांच्या प्रयोगांतून उमगते. १९६० च्या दशकापासून त्यांनी माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. ताठ उभे असताना तो १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर सुमारे १४० होतो आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ पर्यंत जातो. उभ्यापेक्षा बसणे बरे ही आपली समजूत टेकून बसण्यापुरती खरी आहे. दंतवैद्य बसला तो टेकून नव्हे, पुढे वाकून.

मानेचे गणितही असेच आहे. आपले डोके साधारण पाच किलोचे. ते सरळ असेल तर मानेवर तेवढेच वजन. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्यांसाठी एक गणिती हिशेब मांडला. मान १५ अंश झुकली तर भार सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना २७ किलो. हा हिशेब आहे, प्रत्येकाच्या मानेवर केलेले मोजमाप नव्हे. पण दिशा त्यातून कळते. हातात काही तोळ्यांचे हत्यार धरलेला माणूस मानेवर अर्ध्या पोत्याचा भार घेऊन बसलेला असू शकतो.

शिवाय हा भार हलता नसतो. हमालाचा स्नायू आवळतो, सैल होतो, पुन्हा आवळतो. त्या हालचालीने रक्त खेळते राहते. दंतवैद्याचा खांद्याचा स्नायू हात हवेत स्थिर धरण्यासाठी मिनिटेच्या मिनिटे आवळलेलाच राहतो. आवळलेल्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या दबतात, रक्त कमी पोहोचते, थकवा साचतो. रात्रभराच्या विश्रांतीत त्याची भरपाई होते. ती पुरी झाली नाही की दुसऱ्या दिवशीची सुरुवात शिल्लक थकव्यावर होते. असे वर्षानुवर्षे चालले की खांदा भरून येणे, मान धरणे, डोके दुखणे, मग मणक्याची गादी सरकणे आणि नस दबणे, असा प्रवास होतो. बोटांचे दुखणे वेगळे. दातांवरचे किटण खरवडताना हत्यार चिमटीत घट्ट धरावे लागते, तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, यंत्राची थरथर हातात शिरते. हत्याराची धार गेली असेल तर जोर आणखी लावावा लागतो. मनगटात नस दबण्याची वाट इथून जाते.

२००९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. दंतव्यवसायातल्या लोकांत स्नायू-सांध्यांच्या दुखण्याचे प्रमाण ६४ ते ९३ टक्के निघाले. दंतवैद्यांत पाठ आणि मान, तर दातांची सफाई करणाऱ्या सहायकांत हात आणि मनगट, अशी विभागणी होती. १९४६ च्या ६५ टक्क्यांशी हे ताडून पाहिले म्हणजे कळते की खुर्ची, यंत्र आणि बैठक सगळे बदलले, दुखणे मात्र राहिले.

दंतवैद्याच्या शरीरापासून सुरुवात करणारा एक प्रयत्न या काळात झाला. डॅरिल बीच हे अमेरिकी दंतवैद्य जपानमध्ये राहिले. त्यांनी प्रश्न उलटा केला. दंतवैद्याने आधी आपल्याला सर्वात सोयीचे असे ताठ, सैल बसावे, हात छातीसमोर सहज जिथे येतात ती जागा पाहावी आणि रुग्णाचे तोंड तिथे आणावे. मोरिता कंपनीने १९६४ साली काढलेली खुर्ची या विचारावर उभी होती. तिच्यात रुग्ण गादीवर झोपावा तसा सपाट झोपतो. अमेरिकेत याच काळात चार हातांच्या कामाची पद्धत रुजली. दोन हात दंतवैद्याचे, दोन सहायकाचे. सहायक गाल बाजूला धरतो, पाणी ओढतो, हत्यार हातात देतो, आणि दंतवैद्याची नजर व बैठक मोडत नाही.

हे सारे साठ वर्षांपूर्वी झाले. मग नांदेडच्या खणात तो पट्टा का होता?

आपल्याकडची खुर्ची

मराठवाड्यात शासकीय दंत महाविद्यालय आले ते १९८२ साली औरंगाबादला. त्याआधी इथल्या मुलाला दंतवैद्य व्हायचे तर मुंबई, नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागे. पुढे लातूरला एमआयडीएसआर, नांदेडला नांदेड रुरल, परभणीला सरस्वती धन्वंतरी अशी महाविद्यालये निघाली. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या गावीही दोन-तीन दवाखाने असतात, ही मोठी सोय झाली. पण दवाखाने वाढले तसे दरही फार वाढवता येईनात. या अर्थकारणाचा थेट संबंध मानेशी आहे.

पहिली गोष्ट जागेची. दवाखाना बहुधा बाजारपेठेतला दहा बाय बाराचा गाळा असतो. खुर्ची भिंतीला लागून. रुग्णाच्या डोक्यामागे, घड्याळाच्या भाषेत बाराच्या जागी, बसायला वावच नसतो. ही जागा वरच्या दातांसाठी सर्वात सोयीची. ती नसली की दंतवैद्य उजव्या कुशीला बसतो आणि डावीकडची वरची दाढ पाहण्यासाठी कमरेत पिळतो, मान आडवी करतो. आरशात बघून काम करणे हा त्यावरचा उपाय महाविद्यालयात शिकवलेला असतो. पण आरशावर फवारा उडतो, तो पुसायला दुसरा हात लागतो, म्हणून घाईच्या वेळी आरसा बाजूला राहतो आणि मान पुढे जाते.

दुसरी गोष्ट त्या दुसऱ्या हाताची. पूर्ण वेळ सहायक ठेवणे नव्या दंतवैद्याला परवडत नाही. मग चार हातांचे काम दोन हातांनी होते. एका हातात यंत्र, दुसऱ्या हाताने गाल, जीभ आणि नळी सांभाळायची, मधूनच मागे वळून ट्रेमधले हत्यार घ्यायचे. दिवसातून किती वेळा असे वळावे लागते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. जिथे सहायक असते तिथे ती बहुधा जवळपासच्या वस्तीतली, कामावरच शिकलेली मुलगी असते. ती उभी असते. खुर्चीवरून हात लांब करून नळी धरून ठेवते. तिच्या खांद्याला पट्टा नसतो, तिच्या दुखण्याला नाव नसते. कवळ्या आणि टोप्या बनवणारा तंत्रज्ञ तर रुग्णाला दिसतही नाही. तो दिवसभर टेबलावर वाकून पांढरा साचा घासत असतो.

तिसरी गोष्ट पिंकपात्राची. आपल्याकडच्या रुग्णाला तोंडात पाणी साचले की उठून थुंकायचे असते. सपाट झोपवले तर पाणी घशात जाईल, गुदमरायला होईल, ही भीती खरीच असते, विशेषतः पाणी ओढणारी नळी अशक्त असेल तर. म्हणून रुग्ण अर्धा बसलेलाच राहतो. तो जेवढा उठलेला, तेवढा दंतवैद्य वाकलेला. आडवे करणारी खुर्ची गावोगावी पोहोचली, पण ती अनेक ठिकाणी अर्धीच कलते.

चौथी गोष्ट विजेची. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याने जे भारनियमन सोसले ते विसरण्यासारखे नाही. इन्व्हर्टरवर दिवा लागतो, पण हवेचा कॉम्प्रेसर चालेलच असे नाही. मग जे काम यंत्राने हलके झाले असते ते हाताच्या जोरावर. आज वीज बरी आहे, पण त्या वर्षांत ज्यांनी नवे दवाखाने काढले ते आता पन्नाशीकडे झुकले आहेत. दुखणे असे उशिरा वसूल होते.

एक मुद्दा मापाचाही आहे. महाविद्यालयांत आता मुलींची संख्या मोठी आहे. खुर्ची किती खाली येते, तिची पाठ किती जाड आहे, स्टूल किती उंच आहे, हे बुटक्या बांध्याच्या बाईला विचारून ठरलेले नसते. खुर्ची पुरेशी खाली येत नसेल तर खांदे उचलून काम करावे लागते. पाय जमिनीला टेकत नसतील तर कंबर सुटते. डावखुऱ्यांची अडचण तशीच. ट्रे, नळ्या, पिंकपात्र सगळे उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेले.

तोंड उघडत नाही तेव्हा

या सगळ्यात एक कारण आपल्या भागाचे खास आहे, आणि ते दंतवैद्याच्या बाजूचे नसून आपल्या बाजूचे आहे.

निरोगी माणसाचे तोंड साधारण चार ते पाच सेंटिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी आत जातात. सुपारी, गुटखा, खर्रा सतत चघळणाऱ्याच्या गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते, पांढरट पडते, दोरीसारखे पट्टे येतात आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. १९५२ साली श्वार्त्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यावर लिहिले आणि भारतात तो ओळखला गेला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. टपऱ्यांवर काय मिळते हे आपण जाणतोच.

या विकाराची चर्चा कर्करोगाच्या भीतीने होते आणि ती व्हायलाच हवी, कारण त्यातून कर्करोग होऊ शकतो. पण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूनेही पाहा. ज्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते त्याची शेवटची दाढ कोरायची आहे. आरसा आणि यंत्र एकाच वेळी आत मावत नाही. ताठ बसून तिथले काही दिसत नाही. मग दंतवैद्य स्टूल सोडून उभा राहतो, कमरेत वाकतो, मान वळवतो आणि श्वास रोखून काम करतो. वीस मिनिटांचे काम चाळीस मिनिटे चालते. नांदेडच्या त्या डॉक्टरांचे म्हणणे होते की असा एक रुग्ण झाला की पुढचे दोन रुग्ण मान हातात धरून तपासावे लागतात. साठ वर्षांपूर्वीची ‘उभा दंतवैद्य’ ही अवस्था अशी आपल्याकडे परत येते.

सोनार आणि दंतवैद्य

एकदा सराफ्यात एका कारागिराला नथीचे काम करताना पाहत बसलो होतो. त्याची पाठही वाकलेली, डोळ्याला भिंग. पण त्याला हवे तेव्हा तो नथ उचलून प्रकाशात धरत होता, फिरवत होता, डोळ्याजवळ आणत होता. दंतवैद्याचे काम सोनाराइतकेच बारीक आहे, पण त्याची नथ एका जिवंत, घाबरलेल्या माणसाच्या जबड्यात बसवलेली असते. वस्तू फिरत नाही, म्हणून कारागीर फिरतो. या व्यवसायाचे मूळ दुखणे इथे आहे, असे मला वाटते. त्यावर जगाने शोधलेले उपाय तीनच आहेत: रुग्णाला आडवे करणे, दुसरे दोन हात मदतीला घेणे, आणि दंतवैद्याने आरशात किंवा भिंगातून पाहणे. तिन्ही आपल्याकडे पुस्तकात आहेत. दवाखान्यात येईपर्यंत जागा, पैसा आणि सवय यांनी ते अर्धे होतात.

म्हणून ‘नीट बसत जा’ या सल्ल्याने माझे समाधान होत नाही. तो सल्ला खोटा नाही. दर दोन रुग्णांमागे उठावे, खांदे फिरवावेत, हत्यारांना धार लावावी, व्यायाम करावा, हे सगळे खरे आहे. पण तो सगळा दोष एका माणसाच्या सवयीवर टाकतो. आणि दोष सवयीचा ठरला की दुखणे लाजेचे होते, ते खणात लपवले जाते. ज्या व्यवसायात पट्टा लपवावा लागतो तिथे पुढच्या पिढीला कोण सांगणार, की गाळा घेतानाच खुर्चीमागे दोन फूट जागा सोड, खुर्ची घेताना दुकानात तिच्यात झोपून नव्हे तर तिच्यामागे बसून पाहा, आणि पहिली कमाई झगमगत्या पाटीऐवजी सहायकाच्या पगारावर घाल?

ही तीन वाक्ये माझी नाहीत. ती मला त्या डॉक्टरांनीच सांगितली, चौथ्या खेपेला, दाढेवर टोपी बसवून झाल्यावर. त्यांची मुलगी तेव्हा दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला सांगितले का, असे मी विचारले. ते हसले आणि म्हणाले की तिला अजून पट्ट्याबद्दलच सांगितलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दाढेसाठी पुन्हा गेलो. दवाखान्यात फेरफार झाला होता. खुर्ची भिंतीपासून सुटून मधे आली होती, डोक्यामागे दुसरे स्टूल होते आणि त्यावर मुलगी बसली होती. ‘काका, पूर्ण मागे झोपा, पाणी मी ओढते, घशात जाणार नाही. मान थोडी माझ्याकडे वळवा,’ ती म्हणाली. मला सवयीने उठून थुंकावेसे वाटत होते. मी झोपून राहिलो आणि मान वळवली.